अन्नावरची वासना उडते तेव्हा

मामाच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन सुरू झालं आणि चौथ्या आठवड्यात घरातलं पहिलं मोठं भांडण झालं ते शिऱ्यावरून. मामीने केळं घालून, साजूक तुपात मऊ शिरा केला होता. मामाने वाटीकडे बघितलं आणि मान फिरवली.

"अहो, दोन घास तरी."

"नको म्हटलं ना."

"सकाळपासून उभी आहे मी ओट्याशी. तुम्हाला बरं व्हायचंच नाहीये का?"

आयुष्यात कधी ताटाला नाव न ठेवलेला माणूस वाटी सरकवून उठून गेला. मामी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी तेव्हा मामीच्या बाजूने होतो. पुढे वाचत गेलो, डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारत गेलो, तेव्हा कळलं की त्या भांडणात दोघांचंही चुकलं नव्हतं.

'अन्नावरची वासना उडाली' असं आपल्याकडे म्हणतात. डॉक्टरी भाषेत त्याला एक नाव आहे, पण आपला शब्दप्रयोगच जास्त अचूक आहे. कारण प्रश्न पोटाचा नसतो, वासनेचा असतो. भूक पोटात लागते असं आपण म्हणतो, ती ठरते मात्र मेंदूत. जठर रिकामं झालं की तिथून घ्रेलिन नावाचा संप्रेरक सुटतो, तो मेंदूला सांगतो, खायची वेळ झाली. पोट भरलं की दुसरे निरोप जातात. कॅन्सरमध्ये हा सगळा टपाल विभाग बिघडतो.

तापात जेवण जात नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा रोगप्रतिकार यंत्रणा सायटोकाइन नावाची रसायनं रक्तात सोडते आणि ती मेंदूतली भूक दाबतात. दोन दिवसांत ताप उतरतो, निरोप थांबतो, आपण मेतकूट-भात मागतो. कॅन्सरमध्ये गाठ आणि तिच्याशी झगडणाऱ्या पेशी मिळून तोच निरोप महिनोन्महिने पाठवत राहतात. यातल्या एका रसायनाचं नावच शास्त्रज्ञांनी आधी 'कॅकेक्टिन', म्हणजे झिजवणारं, असं ठेवलं होतं. १९८५ मध्ये लक्षात आलं की हे कॅकेक्टिन आणि आधीपासून माहीत असलेलं, गाठीच्या पेशी मारणारं टीएनएफ हे रसायन एकच आहे.

अलीकडे सापडलेला आणखी एक निरोप्या म्हणजे जीडीएफ-१५. तो मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात जाऊन मळमळ आणि अन्नाची शिसारी निर्माण करतो. गरोदरपणातल्या ओकाऱ्यांमागेही मुख्यतः हाच असतो असं आता दिसून आलं आहे. दिवस गेलेल्या बाईला फोडणीचा वास सहन होत नाही तेव्हा घरात कुणी तिला 'नाटकं करू नकोस' म्हणत नाही. तिच्या कलाने घेतात. कॅन्सरच्या पेशंटच्या शरीरात बरंचसं तेच चाललेलं असतं, पण त्याच्या वाट्याला रागावणं येतं.

आता दुसरी बाजू, वजनाची. उपवास करणारा माणूस बारीक होतो तेव्हा शरीर हिशेबाने वागतं: खर्च कमी करतं, चरबी जाळतं, स्नायू शक्य तितके राखून ठेवतं. कॅन्सरमधल्या झिजण्यात हा हिशेब सुटतो. माणूस पलंगावर पडून असला तरी आत चूल पेटलेली राहते आणि तिच्यात चरबीबरोबर स्नायूही जातात. या झिजण्याला 'कॅकेक्सिया' म्हणतात. २०११ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी त्याची एक व्याख्या ठरवली: सहा महिन्यांत, काहीही प्रयत्न न करता, वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर तो कॅकेक्सिया. माणूस आधीच किडकिडीत असेल, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २० च्या खाली असेल, तर २ टक्के घटही पुरे. ६० किलोच्या माणसाचे ५ टक्के म्हणजे फक्त ३ किलो. 'आजारपणात थोडं उतरणारच' म्हणून आपण जे सोडून देतो, नेमकं तेवढंच.

त्याच व्याख्येत एक कटू गोष्टही आहे. ही झीज नुसतं जास्त खाऊ घालून पूर्ण भरून निघत नाही. खाणं तर हवंच, त्यात वादच नाही. पण मामीने रोज दोन पोळ्या जास्त भरवल्या असत्या तर मामा पूर्वीसारखा झाला असता, हे खरं नव्हे. अशा हजारो मामी स्वतःला दोष देत बसलेल्या आहेत म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मग वजनाकडे एवढं लक्ष का द्यायचं? कारण ते वेगाने घसरलं की केमोचा डोस झेपत नाही, तारखा पुढे ढकलाव्या लागतात, जखमा भरायला वेळ लागतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहावं. काटा कधी कधी फसवतो. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असेल तर वजन जागचं हलत नाही आणि आत स्नायू झडत असतात. जाड माणसाचंही तसंच, त्याची झीज चरबीआड लपते. अशा वेळी घरच्यांची नजर जास्त कामाची. अंगठी सैल झाली, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, कवळी हलायला लागली, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. आपण होऊन सांगावं. ओपीडीच्या गर्दीत विचारलं जाईलच असं नाही.

सांगायचं आणखी एका कारणासाठी. 'जेवण जात नाही' या तीन शब्दांमागे दहा वेगळी कारणं असू शकतात आणि त्यातल्या कितीतरींवर सरळ उपाय आहे. तोंड आलेलं असेल. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर असेल, म्हणजे बुरशी, ती औषधाने जाते. दुखत असेल. दुखण्यावर मॉर्फिनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी पोट साफ होत नसेल, आणि चार दिवस पोट साफ न झालेल्या कुणालाही जेवण जात नाही. मळमळ असेल. मन खचलेलं असेल. मामाच्या बाबतीत यातल्या तीन गोष्टी एकदम होत्या आणि आम्ही आठवडाभर फक्त पदार्थ बदलत बसलो होतो.

तोंडाच्या कॅन्सरचं आणखी वेगळं. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच, आणि त्याचं कारण टपरीवर टांगलेलं असतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ती किती पाळली जाते हे सांगायला नको. वर्षानुवर्षं सुपारी-गुटखा चघळलेल्यांचं तोंड आजाराआधीच नीट उघडत नसतं, गालाच्या आतलं कातडं ताठरलेलं असतं. त्यात ऑपरेशन, मग सहा-सात आठवडे रेडिएशन. लाळ आटते, चव जाते, गिळताना काचा गिळल्यासारखं वाटतं. अशा माणसाला भूक लागली तरी खायचं कशाने, हा प्रश्न उरतोच.

चवीबद्दल थोडं. केमोच्या काही औषधांनी तोंडात लोखंड चाटल्यासारखी चव येते. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकचा चमचा वापरला तर काहींना बरं वाटतं. जेवणाआधी कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून चूळ भरावी. गरम अन्नाचा वास जास्त सुटतो, म्हणून गार किंवा कोमट अन्न सोसतं. आमच्याकडे मामी फोडणी शेजारच्या घरी करून आणायची. शेजारीण चांगली होती म्हणून जमलं, पण उपाय लागू पडला. तोंड आलेलं नसेल तर लिंबू, आमसूल, आवळा यांनी चव उघडते. तोंड आलेलं असेल तर हेच आगीसारखं झोंबतं.

आता आपल्या आजारपणाच्या स्वयंपाकाकडे येऊ, कारण खरी गोम इथे आहे. आजारी माणसाला आपण काय देतो? तांदळाची पेज, साबुदाण्याची खीर, वरणाचं पाणी, नारळपाणी, मोसंबीचा रस, ग्लुकोज. हलकं, पचायला सोपं, पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. दोन दिवसांच्या जुलाबाला उत्तम. पण सहा महिन्यांच्या आजाराला हा आहार म्हणजे उपासमारच. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नावालाही नाहीत. पेजेत मुख्यतः पाणी. पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅम प्रथिनं. आणि स्नायू झडत असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त गरज असते ती प्रथिनांचीच.

किती? तज्ज्ञांच्या शिफारशी अशा: दर किलो वजनामागे दिवसाला २५ ते ३० कॅलरी आणि १ ग्रॅमहून जास्त, जमलं तर दीड ग्रॅमपर्यंत, प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आकडा डॉक्टर ठरवतील. ६० किलोच्या माणसाला म्हणजे १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत ७, ५० ग्रॅम पनीरमध्ये ९, पेलाभर दुधात ६-७. मोजायला बसलं की लक्षात येतं, दिवसभर पेज-ज्यूस घेणारा माणूस यातल्या पाव भागापर्यंतही पोचत नाही आणि घरचे मात्र 'दर दोन तासांनी काहीतरी देतोय' म्हणून निश्चिंत असतात.

उपाय असा की तेवढ्याच घासात जास्त माल भरायचा. दुधाच्या पेल्यात दोन मोठे चमचे साधी दूध पावडर ढवळली की प्रथिनं दीडपटीहून जास्त होतात आणि पेला तेवढाच राहतो. जुलाब चालू असतील तेव्हा मात्र हे नको. मऊ भातात तूप आणि मुगाचं घट्ट कढण. चटणीऐवजी दह्यात बारीक वाटलेलं शेंगदाण्याचं कूट. नाचणीची आंबील पाण्याऐवजी दुधात किंवा ताकात. सातूचं पीठ. खिमट, त्यात अंडं फेटून शिजवलेलं. मामाला शेवटी लागू पडलं ते पिठलं: पातळ, बिनमिरचीचं, गार करून, वर तेल सोडलेलं, चमच्या-चमच्याने. बेसनात प्रथिनं चांगली असतात आणि ते गुळगुळीत शिजलं की घशातून आपोआप उतरतं. बाजारातल्या तयार पावडरी वाईट नाहीत, सोयीच्या आहेत, पण महाग आहेत. ज्या घराने आधीच दागिने मोडलेत त्याने डबा परवडत नाही म्हणून अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

ताट वाढू नका, ताटली वाढा. भरलेलं ताट बघूनच पेशंटचा जीव घाबरतो. तीन जेवणांचा आग्रह सोडून सहा-सात वेळा थोडं थोडं. बहुतेकांना सकाळी जरा बरी भूक असते, तेव्हा सगळ्यात पौष्टिक ते द्यावं. जेवताना पाणी कमी, मधल्या वेळात जास्त. दोन पावलं का होईना, चालणं हवं. खुर्चीतून दहा वेळा उठ-बस केली तरी स्नायूंना कळतं की आपली अजून गरज आहे. नुसती प्रथिनं घालून पडून राहिलं तर ती स्नायूंत फारशी जात नाहीत.

पथ्यांबद्दल मी जरा चिडूनच लिहिणार आहे. अंडं उष्ण, दही थंड, तूरडाळ वातूळ, दूध कफ करतं: चार नातेवाईक भेटून जातात आणि पेशंटच्या ताटातले चार पदार्थ कमी होतात. वर व्हॉट्सअ‍ॅपवरून साखरेचं येतं, 'साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल.' याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ऑटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं होतं की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार वापरतात. पण ग्लुकोज शरीरातल्या सगळ्याच पेशींना लागतं. खाण्यातून नाही मिळालं तर यकृत ते स्नायू मोडून तयार करतं. गाठ उपाशी राहत नाही, माणूस राहतो. मधुमेह असेल तर साखर सांभाळावीच लागेल, तेही डॉक्टरांना विचारून, कारण खाणं निम्म्यावर आल्यावर जुने डोस आणि जुनी पथ्यं तशीच चालवली तर साखर एकदम उतरते. उघड्यावरचं, कापून ठेवलेलं, कच्चं-अर्धकच्चं मात्र केमोच्या काळात खरोखर टाळावं.

आणि सलाईन. 'एक बाटली लावा, ताकद येईल', हे वाक्य प्रत्येक दवाखान्यात रोज ऐकू येतं. अर्ध्या लिटरच्या ५ टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे पाच चमचे साखर, शंभरच्या आतबाहेर कॅलरी, जेमतेम एक पोळी. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये तर शून्य. अंगातलं पाणी कमी झालं असेल तर सलाईन जीव वाचवतं. अन्न म्हणून ते काही नाही. शिरेतून खरं पूर्ण पोषण देता येतं, पण ती वेगळी, खर्चिक, जंतुसंसर्गाचा धोका असलेली पद्धत आहे आणि आतडं कामच करत नसेल तेव्हाच तिच्याकडे वळतात. आतडं चालू असेल तर आतड्यातूनच द्यायचं, हा नियम.

तिथे नळीचा प्रश्न येतो. मामाला पाचव्या आठवड्यात नाकातून नळी घालायचं ठरलं तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. नळी म्हणजे शेवट, असं आम्हाला वाटत होतं. खरं तर तोंडा-घशाच्या रेडिएशनमध्ये नळी म्हणजे रस्ता दुरुस्त होईपर्यंतचा वळणरस्ता. चार आठवड्यांहून जास्त लागेल असं दिसलं तर पोटावरून थेट जठरात नळी बसवतात, तिला पेग म्हणतात. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला दुर्बिणीच्या मदतीने, पोट न फाडता, ती पहिल्यांदा बसवली गेली, तीही एका तान्ह्या बाळाला.

नाकातल्या नळीची कामं मामी दोन दिवसांत शिकली. आधी नाकाशी असलेली खूण जागेवर आहे का बघायचं. ती सरकलेली असेल किंवा फीड, म्हणजे नळीतून द्यायचं पातळ अन्न, देताना ठसका लागला तर काहीही न घालता हॉस्पिटलला फोन. पेशंटला उशांना टेकवून बसतं करायचं. मोठ्या सिरिंजने थोडं पाणी, मग गाळलेलं कोमट फीड, साधारण एक पेला, दांडा न दाबता आपोआप उतरू द्यायचं, मग पुन्हा पाणी. नंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. गाळणं महत्त्वाचं, एकदा नाचणीचा कोंडा अडकला आणि नळी बंद पडली ती थेट बदलावीच लागली. नळी असतानाही डॉक्टर परवानगी देतील तेवढं तोंडाने गिळत राहायचं, नाहीतर गिळायचे स्नायू काम विसरतात. मामाची नळी सव्वादोन महिन्यांनी निघाली.

एक धोका मात्र लक्षात ठेवावा. ज्याने आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नाही त्याला एकदम भरपूर अन्न दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयावर येऊ शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिलं. म्हणून सुरुवात हळू, रक्त तपासत, हॉस्पिटलच्या सल्ल्यानेच.

भुकेचं औषध नसतं का? असतं, पण टॉनिकच्या बाटलीत नाही. स्टिरॉइडने काही आठवडे भूक वाढते, जास्त दिवस दिलं तर तेच स्नायू खातं. मेजेस्ट्रॉल या संप्रेरकासारख्या औषधाने भूक आणि वजन दोन्ही वाढतात, पण वाढतं ते मुख्यतः चरबी-पाणी, शिवाय रक्ताच्या गुठळ्यांचा धोका. अलीकडचं सगळ्यात महत्त्वाचं काम आपल्या देशातलं आहे. पुद्दुचेरीच्या जिपमर या सरकारी वैद्यकीय संस्थेत जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाचा कॅन्सर असलेल्या १२४ पेशंटवर ओलान्झापीन हे जुनं, स्वस्त, मानसिक आजारांसाठीचं औषध अगदी छोट्या डोसात, रोज अडीच मिलिग्रॅम, १२ आठवडे देऊन पाहिलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला: औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांचं वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं, खोटी गोळी घेणाऱ्यांत ते प्रमाण होतं ९ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या शिफारशींत ते घातलं. झोप येणं हा त्याचा त्रास, आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं. घ्रेलिनची नक्कल करणारं अ‍ॅनामोरेलिन हे औषध जपानमध्ये २०२१ पासून मान्य आहे. आणि मघाचा तो जीडीएफ-१५, त्याला रक्तातच पकडणाऱ्या पोन्सेग्रोमॅब या औषधाची एक चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यात मोठ्या डोसावर १२ आठवड्यांत वजन, खोटं औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत, पावणेतीन किलोंहून थोडं जास्त भरलं. त्याच्या चाचण्या अजून चालू आहेत.

हे सगळं उपचार चालू असतानाचं. आजार शेवटच्या टप्प्यात गेल्यावर गणित उलटतं. माझ्या आत्याच्या वेळी ते जवळून बघितलं. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत शरीर अन्न वापरू शकत नाही. भूक आणि तहान दोन्ही आपोआप विझत जातात आणि बहुतेकांना त्याचा त्रासही होत नसतो. तेव्हा जबरदस्तीने भरवलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं, सलाईनचं पाणी फुप्फुसात आणि पायांत साठतं, घरघर वाढते. 'न जेवता राहिली म्हणून गेली' असं नंतर म्हटलं जातं. ती जात होती म्हणून जेवत नव्हती, हे तेव्हा तिच्या डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं. त्याने भरवणं थांबवलं.

पण हात रिकामे राहवत नाहीत. म्हणून त्याला काम दिलं: ओल्या कापसाने दर तासाला तोंड पुसायचं, ओठांना तूप लावायचं, कोकम सरबताच्या बर्फाचा मुगाएवढा खडा, ती जागी असेल आणि मागेल तेव्हाच, जिभेवर ठेवायचा. शेवटच्या गुरुवारी तिने तो दोनदा मागून घेतला.